मोजणी

टेप तीस मीटरची. एक टोक माझ्या हातात,
दुसरं घेऊन शिकाऊ पोरगा बाभळीकडे चाललाय.
"साहेब, इथून धरू?"
नको. अजून चार पावलं. डावीकडे.
तिथे स्टंप होते,
हे त्याला कशाला सांगायचं.

नगर भूमापन कार्यालयाचा आदेश आहे :
सोलापूर, पूर्व भाग, पडीक भूखंड,
चतुःसीमा लिहून शनिवारपर्यंत सहीनिशी सादर करणे.
बाकीचं अर्जदारानं उरकलंय.
भिंत पाडली, तांब्याच्या कढया भंगारात घातल्या,
फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून ठेवल्या.

भिंत म्हणजे गज्जमांच्या डाईंगची मागची.
तिच्यावर कोळशाच्या तीन रेघा,
पावसानं धुतल्या की पुन्हा ओढायच्या.
मधली ओढायचा मान राजेशमचा, कारण चेंडू त्याचा.
चेंडू कसला,
चादरीच्या किनारीच्या चिंध्या, वर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या.
ओला झाला की छातीत बसायचा.

बाभळीपलीकडे दोन.
पत्र्यावर गेला तर बाद, आणि मारणाऱ्यानंच आणायचा.
बांबूंवर वाळणाऱ्या सुताला लागला
तर खेळ बंद, ज्याला जिकडे फुटेल त्यानं तिकडे पळायचं.
हे नियम कुठल्याच उताऱ्यावर नाहीत.
रोज भांडण व्हायचं हद्दीवरून,
रक्त निघायचं कधीकधी,
पण दावा कुणी लावला नाही.

आणि भिंतीखालून ती नाली.
आज कुठल्या रंगाची निघणार,
ते आत कढई ढवळणाऱ्या मल्लय्यालाच ठाऊक.
आम्ही कांड्या मांडून पैजा लावायचो.
राजेशम म्हणायचा एर्र,
इरेश म्हणायचा केंपु,
लाल आला की दोघं एकमेकांच्या उरावर :
"मी आधी बोललो बे!"
मी कायम हिरव्यावर.
हिरवा महिन्यातून एकदा यायचा, तोही फिकट.
शमशाद पैज लावायची नाही,
ती सरळ पाय घालून उभी राहायची.
तिची अम्मा बिड्यांचं सूप मांडीवरून न उतरवता
पायांकडे बघायची फक्त,
आणि गुडघ्यापर्यंत निळी पोरगी
आपणहून न्हाणीत जायची.

नकाशात क्षेत्र कमी आहे, जागेवर जास्त भरतंय.
पुन्हा मोजलं. पुन्हा जास्त.
फरक सहनमर्यादेत आहे,
असं लिहायची आमच्यात पद्धत आहे.

लगतधारक हजर, पूर्वेकडचे : एक बाई.
चष्मा कपाळावर, हाताला तंबाखूचा वास.
पंचनाम्यावर सही करता करता थांबल्या.
माझं नाव वाचलं, मग मला वाचलं.
"हरे पे लगाता था नै तू?"

काय बोलणार.
राजेशम भिवंडीला, एवढंच कळलं,
इरेशचं तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
नालीवर आता फरशी आहे, फरशीवर दोन मोटारी.
खाली काही वाहतं का, तिलाही माहीत नाही.

कोपऱ्यात खुंटी ठोकायची राहिली होती.
पोरानं पहार उचलली.
शमशाद कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोल."
ऊन असं की डोळे उघडे ठेवता येईनात.
मी म्हटलं, हिरवा.
पहार आत गेली, वर आली,
टोकाला चिकटलेली माती काळी.
तिनं वाकून चिमूट घेतली,
बोटांत चोळली,
उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली.

"साहेब, टेप गुंडाळू?"
थांब जरा.
तिचं अजून ठरलेलं नाही.