खारपाण

आमच्या गावात हंड्याच्या काठाला
पांढरी कड येते.
या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही.
पूर्णेकाठची जमीन पाऊस पिऊनही
खारटच बोलते.

इथंच उज्ज्वला गावंडेच्या कुशीत
अकरा दिवसांचं लेकरू
मीठ गळून वाळत होतं.

तिसऱ्या दिवशी दोन किलो आठशे,
सातव्या दिवशी दोन सहाशे.
झोळीचा काटा मी दोनदा टांगला,
वाटलं, काटाच म्हातारा झाला.
अकराव्याला माझी फेरी नव्हती, तरी गेले.
दोन तीनशे.
"दूध फेकते व बाई, नजर लागली."
रजिस्टरातला मुलगा-मुलगीचा रकाना
अजून पेन्सिलीतच होता;
नर्सबाई म्हणाल्या होत्या, राहू द्या सध्या.

एकशे आठच्या गाडीत अकोल्यापर्यंत
मी तिचे तळवे चोळत होते.

तिथं बोटाएवढा पट्टा दंडाला बांधला.
यंत्र फुगलं, सुटलं, पुन्हा फुगलं,
प्रेशरचा आकडा सापडेना.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर किडनी काढली,
तिच्या डोक्यावर टोपीसारखी ग्रंथी.
इथून निरोप निघतो, म्हणाल्या,
मीठ धर, पाणी धर, रक्ताचा रेटा सांभाळ.
तान्ह्याची किडनी तशीही
पहिले काही महिने कमीच ऐकते,
आणि हिची तर हाक मारणारीच मुकी.

मला आमचा बांध आठवला,
रात्री फुटलेला.
उठवायला कोणी नव्हतं.

"मंग हिरीचं पाणी पाजू का?"
उज्ज्वलानं विचारलं. कोणी हसलं नाही.
त्यात आणखी काय काय आहे
ते आम्हालाच कुठं ठाऊक.

आता पाव गोळी चुरून,
आणि दुधात मोजून मीठ.
दर्यापूरच्या सराफानं पुड्या तोलून दिल्या,
पैसे घेतले नाहीत.
म्हणे, या काट्यावर मीठ पहिल्यांदाच आलं.
सासू कुरकुरली, उष्टावणाआधी मीठ?
उज्ज्वला पुडी उघडत राहिली.

अडीच महिन्यांनी मी गेले
तेव्हा रकान्यात शाईनं 'मुलगी' होतं.
चार किलो शंभर.
काट्याच्या झोळीत पोरगी संतापून रडली,
या वेळी डोळ्यांतून पाणी आलं.
उज्ज्वलानं ते बोटानं टिपलं,
जिभेला लावलं,
जरा थांबली.

"आहे," म्हणाली.