गुरुवारपर्यंत

लुनेनबर्गच्या धक्क्यावर माझं चष्म्याचं दुकान.
जवळचं वाचायला छापील तक्ता आहे,
पण गाव लहान, तो साऱ्यांना पाठ झालाय.
म्हणून म्हणते, खिशात काही कागद असेल तर काढा.

ऑर्व्हिल निकलनं एक पत्र काढलं.
मागे त्यानं पेन्सिलीनं भरतीच्या वेळा लिहिलेल्या.
शाळेत हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
मग चाळीस वर्षं हॅडकच्या मागे.

पुढची बाजू वाच, मी म्हटलं.
'पहिले तीन महिने फक्त एक डॉलर!'
हे त्याला रस्त्यावरूनही दिसलं असतं,
अक्षरं बोटीवरच्या नावाएवढी.
डॉलरच्या डोक्यावर एक चांदणी होती.
चांदण्यांची त्याला सवय,
त्यांच्या भरवशावर घरी आलाय कितीदा.
"ही कुठे नेते?"
खाली, मी म्हटलं. पार तळाला.

एक भिंग चढवलं. आता?
"मुंग्यांची रांग."
दुसरं. आता?
"मुंग्यांना पाय आले."
तिसऱ्याला तो वाचू लागला,
बाईंनी उभं केल्यावर वाचायचा तसाच, एकेक शब्द सुटा:
त्यानंतर दरमहा चोवीस डॉलर, आपोआप,
ग्राहक स्वतः फोन करून नको म्हणेपर्यंत.
फोन सोमवार ते शुक्रवार, ॲरिझोनाच्या घड्याळाप्रमाणे.
वाहन विकलं तरी

इथे थांबला.

रेडिओ ट्रकमधला. ट्रक दोन वर्षांपूर्वी विकला,
ब्रिजवॉटरच्या एका पोराला,
एल्वाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा.
"म्हणजे ते पोरगं माझ्या पैशानं गाणी ऐकतंय,"
तो म्हणाला, आणि हसला.
ती जड चौकट नाकावर तशीच ठेवून
बोटांच्या पेरांवर हिशेब करत राहिला.
पाचशे शहात्तर.
मग हसला नाही.

माझ्याकडून फोन कर, मी म्हटलं.
केला. तिकडे सकाळ व्हायची होती.
वीस मिनिटं एक पियानो वाजत राहिला,
मधूनमधून एक बाई सांगायची
की त्याचा फोन त्यांच्यासाठी मोलाचा आहे.
"ती खरंच बोलते," ऑर्व्हिल म्हणाला, आणि ठेवला.

मी नंबर लिहिला, पावती फाडली.
सही कुठे, त्यानं विचारलं. मी बोट ठेवलं.
भिंगं केव्हाच उतरवली होती.
त्यानं दोराला गाठ मारावी तशी सही केली.

पावतीच्या पाठीवर, फिकट राखाडी शाईत,
वार्षिक निगा योजना आहे. दरवर्षी आपोआप.
पुस्तकं कंपनीच छापून पाठवते,
मी फक्त बोट ठेवते.
दर सहीमागे मला अकरा डॉलर,
हिवाळ्यात तेवढ्यावरच हीटरचं तेल येतं.

त्यानं पावती चाचपडत खिशात घातली,
भरतीच्या वेळांना लागून.
"चष्मा कधी?"
गुरुवारी.

आज सोमवार.
गुरुवारपर्यंत त्याला काही वाचता येणार नाही.