तेवीस किलो

घरातला काटा पाव-अर्ध्या किलोचा,
म्हणून दोन्ही बॅगा रिक्षात घालून
वखारीत नेल्या.
शट्टुप्पानं काट्यावरची गोणी उतरवली,
पानाची भुकटी फडक्यानं झटकली.
'तेवीस किलो? माणूस देश सोडतंय
आणि तेवीस किलो?'
मग तो शिंकला. मग मी शिंकले.
निपाणीत निरोप असाच सुरू होतो.

पहिली बॅग सव्वीस भरली.
तिथंच उकिडवी बसून काढत गेले:
सासूबाईंनी कोंबलेला पितळी खलबत्ता,
लग्नातली जड साडी, लेकीची पुस्तकं.
मिरचीपुडीला हात घातला तर
शट्टुप्पा ओरडला,
'अक्षरं तिकडंबी मिळतात,
संकेश्वरी मिळायची न्हाई!'

ह्यांना मलावीत जाऊन सात महिने झाले.
तिथंही तंबाखूच पारखतात.
पान बोटांत चुरायचं, नाकाशी न्यायचं,
आज्जानं इथं शिकवलं तेच.
कंपनीच्या पत्रात त्यांना एक्सपॅट म्हटलंय.
मामंजींनी चष्मा वर करून वाचलं,
'एक्स-पाटील? म्हणजे पाटीलकी गेली म्हणायची.'
सगळं घर हसलं. ते नाही हसले.
त्यांचा जन्म मुंबई राज्यातला,
लग्न म्हैसूर राज्यात, पेन्शन कर्नाटकात,
आणि खोली तीच, चुलीमागची.
'आमाला बॅग भरायबी लागली न्हाई,' म्हणाले.

फोनवर हे सांगतात,
आवारात आंब्याची चार झाडं आहेत,
मच्छरदाणी बायकोच्या माहेराएवढी मोठी,
आणि उष्ण देश उष्ण देश म्हणतात
खरं जुलैत स्वेटर लागतो.
घरकामाला बाई आहे. तुला मॅडम म्हणेल.
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
माझी आई ह्याच वखारीत
अकरा वर्षं काडी निवडत होती.
ती न्हायली की मोरीतून
चहाच्या रंगाचं पाणी वाहायचं.
त्या बाईची आई कुठल्या वखारीत असेल?
'आधी तिचं नाव विचारा,' म्हटलं.
दोन दिवसांनी मेसेज आला. एस्नार्ट.
कॅलेंडरवर लिहून ठेवलंय,
दुधाच्या खाड्यांच्या खाली.

भाषेचं काय करणार गं, सगळ्या विचारतात.
वांगी मी कन्नडात घासाघीस करून घेतली,
कचेरीत न कळलेल्या कागदावर
मराठीत सही केली,
अर्धं समजलं की मान हलवायची
आणि उरलेलं घरी येऊन जुळवायचं,
एवढं तर पाठच आहे.
खरं रडू आलं तिथं, तर ते कुणाला ऐकू जाईल,
हे कुणी विचारत नाही.

काल बसव्वा आली,
कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून.
दोन किलो तरी असेल. मी बॅग दाखवली,
तेवीसचा आकडा दाखवला.
तिनं आकड्याकडं बघितलंच नाही.
'होगि बा,' म्हणाली. जाऊन ये.
आपणही जाते म्हणत नाही, येते म्हणतो.
हे सांगत होते, तिकडं निघणारा म्हणतो
त्सलानी ब्विनो,
तुम्ही नीट राहा.
जाण्याचा शब्द नाही त्यात,
परत येण्याचाही नाही.
मला ते जरा कोरडं वाटलं.
रात्री पुन्हा म्हणून बघितलं,
मामंजींच्या खोलीच्या दाराशी, हळूच.

तर वखारीत.
दोन्ही बॅगा बरोबर तेवीस झाल्या,
भाकरीसकट; खलबत्ता रिक्षात परत गेला.
काटा मोकळा होता.
का कोण जाणे, चपला काढून
मीच उभी राहिले त्याच्यावर.
शट्टुप्पानं पेन्सिल कानावरून काढली,
पावतीवर मालाच्या रकान्यात माझं नाव घातलं,
आणि सवयीनं विचारलं,
'ओल किती वजा करू, ताई?'

राहू दे, म्हटलं.
ओलीसकट लिही.