नकाशावरचे गोल

थीसिससाठी मी धरणगाव निवडलं
कारण मामाकडे राहायची सोय होती.
हे कारण शीटवर लिहीत नाहीत.
शीटवर लिहिलं : समूह, ओळख, अवकाश.

जागा म्हणजे सहा खांबांवरची पाण्याची टाकी
आणि तिच्या शेजारी समाजमंदिर.
आत तेरा खुर्च्या, दोन पंखे, देणगीची फरशी.
किल्ली हिरामण आप्पांकडे,
आप्पा सुरतेला, मुलाकडे.

एप्रिल. चव्वेचाळीस.
टेप मिनिटभर उन्हात राहिली तर हाताला चावते.
टाकीच्या सावलीत अकरा बायका
उडदाचे पापड लाटत होत्या.
रोज इथेच बसता? मी विचारलं.
शेवंताबाई म्हणाल्या, “आठे नई, माय.
सावली जठे जास, तठे.”

खरंच. थोड्या थोड्या वेळाने, काही न बोलता,
कुणीतरी गोणपाट दीड हात सरकवायचं,
मग पोळपाट सरकायचे, मग पिठाचा डबा,
मग मुमताजबीचा झोपलेला नातू, गोधडीसकट.

पण सावलीच्या मधोमध कुणीच बसत नव्हतं.
सगळ्या कडेला.
पाठ सावलीत, हात उन्हाच्या वेशीवर,
कारण लाटलेला पापड
उठावं न लागता, नुसता हात लांबवून
उन्हातल्या खाटेवर टाकता आला पाहिजे.

पाच वर्षं मला शिकवलं होतं, सावली द्या.
कड द्या, असं कुणी म्हणालं नव्हतं.

मामीच्या डब्यातली रांगोळी घेऊन
मी दर अर्ध्या तासाला ती कड आखत गेले.
संध्याकाळी गच्चीवरून पाहिलं तर
काकडीच्या चकत्या एकमेकींवर सांडाव्यात
तसं अंगण.
फोटो काढेपर्यंत त्यातून एक बकरी गेली.

आधी मी एक गोल रंगमंच काढला होता,
पायऱ्यांचा, सुंदर.
शेवंताबाईंनी शीट उलटी धरून पाहिली.
“आठे कोन बठी?”
सगळे, मी म्हटलं.
“आनि हाकली कोन?”
त्या रात्री मी रंगमंच खोडला.
रबराचा कचरा मामीने सकाळी झाडला.

आप्पा आले, कुलूप निघालं.
खुर्च्या बाजूला सारून आम्ही फरशीवर बसलो.
खिडकीतून दिसलं फक्त पांढरं आकाश.
उभ्या माणसाने उभ्या माणसासाठी बांधलेली खोली.
मुमताजबी भिंतीला टेकली, मी टेप सोडली :
जमिनीपासून डोळ्यांपर्यंत दोन फूट चार इंच.
ती आधी खूप हसली.
मग म्हणाली, आजवर माझं माप
फक्त शिंप्याने घेतलं.

कागदावर मी खिडकीचा कट्टा खाली आणला,
तिच्या डोळ्यांच्याही खाली, पोळपाटाच्या उंचीला.
पश्चिमेची भिंत काढून टाकली.
छताला सरळ कड दिली नाही,
रांगोळीत उमटली होती तशीच दिली.
खुर्च्यांसाठी एक कोपरा ठेवला,
आप्पांसाठी.

ज्युरीच्या आदल्या दिवशी
शीट दाखवायला गेले तर वारा सुटलेला,
आणि खाटा भरलेल्या.
कोरा कागद आहे का गं, कुणीतरी विचारलं,
आणि उत्तराची वाट न पाहता
माझ्या नकाशावर पापड पसरले.
मी ओरडणार होते.
पण पापड पडत होते ते
मी ऊन लिहिलं होतं तिथेच,
निदान बरेचसे. चार-पाच जिन्यावर पडले.

दुसऱ्या दिवशी देवरे सरांनी
चष्मा कपाळावर चढवला.
कन्सेप्ट काय? मी सांगितला.
एंट्री कुठेय? कडेने, सर, कुठूनही.
मग त्यांचं पेन्सिलीचं टोक
तेलाच्या एका डागावरून दुसऱ्यावर फिरलं.
झाडं चांगली लावलीस, ते म्हणाले,
नकाशात गोल म्हणजे झाडच असतं ना.
पण ही कोणती? कडुलिंब?

उडीद, सर.