साबिना टूहीची पेटी

पेटीवर पांढऱ्या रंगात एक नाव घातलेलं.
मला वाचता येत नव्हतं.
गरीबघराची मेट्रन म्हणाली,
पेटी झालीय, बूट शिवलेत, जहाजावर जागा ठरलीय,
आणि साबिना टूही काल रात्री तापात गेली.
आता तू साबिना.

सहा शेमिज, फ्लॅनेलचे दोन परकर,
मोज्यांचे सहा जोड, एक फणी.
आमच्या अख्ख्या गल्लीत मिळून एवढं नव्हतं.
भुकेपोटी मी तेव्हा
कशालाही हो म्हटलं असतं.

बूट बोटभर मोठे.
दिवसभर आम्ही जो पिंजायचो तोच काथ्या
पुढे कोंबला, आणि एकशे नऊ दिवस
तिच्या बुटांत डेकवर चालले.
रात्री हजेरी. शेजारची ऑनर कोपराने ढोसायची.
विषुववृत्तापर्यंत ढोसायची.
मग मान आपोआप वळू लागली.

ॲडिलेडच्या धक्क्यावर एकाने विचारलं,
धार काढता येते?
येते, म्हटलं.
शेवटची गाय पाहिली ती आमचीच,
खंडापोटी कारकुनाने सोडून नेताना.

इथे नाताळ उन्हात येतो.
बटाटे चांगले निघतात. तरी मी प्रत्येक बटाटा
आधी कापून आत पाहते,
मगच उकडायला टाकते. नवरा हसायचा.
तो पास्को, तांब्याच्या खाणीतला.
लग्नाच्या वहीत तिच्या नावापुढे मी फुली मारली.
फुली तेवढी माझी.

एकदा पत्र आलं. तिचा भाऊ, बॉस्टनला.
पाद्रीबाबांनी वाचलं: विहिरीजवळचं बोरांचं झुडूप
आठवतं का ग तुला?
आठवतं, असं लिहा, म्हटलं.
घरी येऊन खूप वेळ
भांडी घासत बसले.

पेटीत आता पीठ असतं.
धाकटी लव्हडे पिठाच्या बोटाने
झाकणावरची अक्षरं गिरवते.
आई, हे तूच ना?
सांडू नकोस, म्हणते मी.

पहिली गाय घेतली तेव्हा
तिला माझं नाव दिलं. आईने हाक मारायची ते.
ती गेली, तिच्या कालवडीलाही तेच,
तिच्या कालवडीलाही.
असलं कसलं गायीचं नाव, पोरं विचारतात,
जीभ वळत नाही त्यांची.
संध्याकाळी कुंपणापाशी उभी राहून
मी ते मोठ्याने हाकारते,
वाळल्या गवतातून
कुणीतरी येतं, सावकाश,
पान्हा आवरत.