आगाऊ

निरगुडकर वकीलसाहेब,
तुमचं पाकीट मिळालं. जाड लागलं हाताला,
क्षणभर वाटलं, निकालच आला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पंचाहत्तर हजार दिले होते.
पावतीवर तुमच्या कारकुनाचं गिचमिड अक्षर : आगाऊ जमा.
त्यातले आता चारशे दहा उरलेत.
दावा मात्र "म्हणणे दाखल करण्यासाठी" या पाटीखाली
न्यूट्रलमध्ये घरघरतो आहे.

दूरध्वनी, बारा मिनिटं, बाराशे रुपये.
त्यातली पाच मिनिटं आपण दोघंही
"हॅलो, येतोय का आवाज" एवढंच म्हणत होतो,
तुम्ही चांदणी चौकात, मी ग्राइंडरशेजारी.
ती तरी निम्मी निम्मी करू या.

कोर्टात उपस्थिती, तीन तास.
न्यायाधीश रजेवर. बोर्डावर सकाळीच लागलं होतं.
आपण कँटीनमध्ये बसलो, तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशनचं
फार रंगवून सांगितलंत, मला खरंच आवडलं.
क्रीमरोलचे पैसे मी दिले.
ते कुठल्या रकान्यात टाकू?

आणि हे : कागदपत्रांचं वाचन, साडेचार तास. सत्तावीस हजार.
चौदा चलनं, एक पर्चेस ऑर्डर, परत आलेला एक चेक.
पिशवीला सुतळीची गाठ मी मारली होती,
गिअर बांधून पाठवताना मारतो तशी,
दुहेरी, टोक आत दडवून.
तारखेला, कोर्टाच्या व्हरांड्यात, माझ्यासमोर
तुम्ही ती दातांनी सोडवलीत.
साहेब, गाठ माझीच होती.

तास म्हणजे काय, ते मला शिकवू नका.
भोसरीत बावीस वर्षं तासच कापून विकते मी.
माझ्याही बिलात असतं : सेटिंग, चाळीस मिनिटं.
गिऱ्हाईक कुरकुरलं की त्याला मशीनपाशी उभं करते,
डायलचा काटा दाखवते,
शून्य सापडायला किती वेळ लागतो ते बघा म्हणते.
तुमचं शून्य कुठं आहे, एवढंच बघायचं होतं.

म्हणून मंगळवारी तुमचा जिना चढून आले.
तुम्ही चष्मा काढलात. "ताई, हा जरा आगाऊपणा होतोय."
म्हटलं, पैसे आगाऊ होते तेव्हा चालले,
प्रश्न तेवढा आगाऊ झाला?
पंखा फिरत राहिला.
बहुधा तीही मिनिटं लागली असतील कुठंतरी.

खाली रसवंतीपाशी तुमच्या ज्युनिअरनं मला गाठलं,
तृप्ती ढमढेरे. हातात माझी विसरलेली चष्म्याची डबी.
"मॅडम, वाचलं होतं. मी.
तुम्ही मोबाइलवर फोटो पाठवले होते ना, त्यावरून,
रूमवर, रात्री दोनपर्यंत.
चौथ्या चलनावर तारीख खोडलीय, ते मीच शोधलं."
किती मिळतात तुला?
"महिन्याचे नऊ हजार. कधी कधी उशिरा."

म्हणजे गाठ खरी होती, आणि तासही खरे होते.
माझा राग लटका पडला
की नुसती जागा बदलून बसला,
कळेना.

मेट्रोत नवीन पत्र लिहायला घेतलं :
साडेचार तास मान्य. ते ज्याचे त्याच्या नावावर लिहा,
आणि दर
दापोडीला पेन थांबलं.
माझ्या बिलात मशीनचा तास साडेसहाशे.
त्यावर लोंढ्यांचं नाव कुठं असतं?
शून्य लावतात ते. काटा मी दाखवते.

नाशिक फाट्याला उतरले.
शेडमध्ये लोंढे हात पुसत विचारतात,
"काय झालं वकिलाचं?"
म्हटलं, सेटिंग चालू आहे.
चहा सांगा. आणि बसा जरा,
तुमच्याशीही एक हिशोब आहे.