बेचाळीस अंश

दुपारचे चार, आणि अंधार होऊन तास झाला.
डाल्विकच्या उघड्या हौदांवर वाफ,
रेलिंगवर बोटभर बर्फ,
पाण्याबाहेर फक्त आमची डोकी.

तीन हौद आहेत. अडतीस अंश, चाळीस, बेचाळीस.
अडतिसात मुलं. बेचाळिसात म्हातारे कोळी,
ज्यांच्या कातडीला आता कशाचं काही वाटत नाही.
चाळिसात आम्ही: मी, पोस्टातली गुडफिन्ना,
आणि आल्फहिल्डुर, जी शाळेत भूगोल शिकवते
आणि माझ्या आजोबांच्या चुलतभावाची नात लागते.
इथे कोण कुणाचं लागत नाही?

माझं काम म्हणाल तर आकडे.
नावं माझ्यापर्यंत येत नाहीत.
नावांच्या जागी आकडे, त्या आकड्यांच्या जागी दुसरे आकडे,
तीन किल्ल्या तीन माणसांकडे.
सगळं चोख, कायद्याला धरून.

पण गाव केवढं!
एक बाई, तीन भाऊ, त्यातला एक बुडालेला,
आई चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली, छातीत गाठ.
असा आकडा समोर आला
की त्याला चेहरा फुटतो,
पोत्यातल्या बटाट्याला कोंब फुटावा तसा,
अंधारात, कुणी पाणी न घालता.

आल्फहिल्डुरनं कधी थेंबभर रक्त दिलं नाही.
पांढऱ्या पाकिटातून नळी आली होती,
ती तिनं सुया ठेवायला घेतली.
"माझ्या घरातली एक खोली बंद असू दे," म्हणाली होती.

भावानं दिलं. मावशीनं दिलं. मावशीच्या दोन्ही लेकींनी दिलं.
शब्दकोड्यात आडवे सगळे भरले
की उभा शब्द कुणी न भरताच वाचता येतो.
तो मी वाचला आहे.
एका ठिकाणी पाच अक्षरं गळालेली.

समितीत मी विचारलं होतं, एकदाच.
वकील सभ्य होता, हाल्लमुंडुर नावाचा, बोटं फार स्वच्छ.
म्हणाला, ज्यानं विचारलं नाही त्याला उत्तर देणं
म्हणजे कडी न वाजवता घरात शिरणं.
मी म्हटलं, आणि घराला आग लागली असेल तर?
म्हणाला, आग लागलेली नाही. लागण्याची शक्यता आहे.
शक्यता ही ज्याची त्याची मालमत्ता.
मग कॉफी आली.
इतिवृत्तात माझा प्रश्न एका ओळीत बसला.

काल आल्फहिल्डुरनं दोन्ही हात वर करून केस बांधले.
काखेतून पाणी ओघळलं,
आणि माझ्या तोंडून गेलं,
"गुरुवारी तपासणीची गाडी येतेय, चर्चच्या मागे.
मी जाणार आहे. तू पण चल."

एवढंच.
कुठल्याही न्यायाधीशापुढे वाचून दाखवा,
वाक्यात गुन्हा सापडणार नाही.

पण ती भूगोलाची बाई.
नकाशात नदी काढायची राहिली असली
तरी गावं कुठे कुठे वसलीत यावरून ती बोट ठेवते.
वाफेत तिचे डोळे दिसेनात, मग दिसले.
"मलाच का सांगतेस?"
"सगळ्यांनाच सांगते," मी म्हटलं.
"मला नाही सांगितलंस," गुडफिन्ना म्हणाली,
तिला बिचारीला खरंच वाईट वाटलं होतं.

आज ती आली. टॉवेल खुंटीला अडकवला.
आमच्या हौदाच्या कडेकडेनं, बर्फावर अनवाणी, गेली
आणि बेचाळिसात उतरली, म्हाताऱ्यांच्या मध्ये.
पाठमोरी.
तिची मान हळूहळू लाल होताना मला दिसते.

गुरुवारी ती गेली की नाही
हे कळायला माझ्याकडे मार्ग आहे.
महिन्याभरात एका आकड्यापुढे दुसरा आकडा येईल, किंवा येणार नाही.
मी ठरवलंय, बघायचं नाही.

बघीन.

गुडफिन्ना विचारते, तिकडे जायचं का?
मी नको म्हणते.
मला याहून गरम सोसत नाही.